उसन्या नावाचा बट्टा

चिंचणी-तारापूरच्या बाजूस दागिन्यांचे ठसे कोरण्याचा धंदा पुष्कळ घरांतून चालतो. या कारागिरांस हल्ली सर्वजण डायमेकर म्हणतात. परंतु वस्तू जुनीच आहे. धातूच्या तुकड्यावर उलटी नक्षी कोरावयाची, त्यावर पातळ पत्रा ठेवून दाब द्यावयाचा, की फूल, पान, वेल जशीच्या तशी पत्र्यावर उठून येते. आम्ही एकदा अशा एका कारागिराच्या घरी बसलो असता त्याने एकाच ठशावर प्रथम पितळेचा पत्रा उठवून दाखविला आणि मग सोन्याचा. नक्षीत रेषेचाही फरक नव्हता. आपल्यापुढे कोणता धातू आला याची चौकशी ठसा करीत नाही. ती कसोटीने करावयाची असते.

थोर व लोकप्रिय माणसांच्या नावाचे असेच आहे. नाव हाही एक ठसा होय. ज्याने आयुष्यभर खपून तो कोरला त्याच्या हातून निघून तो दुसऱ्याच्या हाती गेला, की खाली सोने आहे की पितळ हे केवळ नक्षीवरून ओळखता येत नाही. ‘नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा’ ही म्हण आपण स्वतःच्याच नावाची ऐट मिरविणाऱ्यास लावतो. परंतु परक्याचे नाव त्यास न विचारता आपल्या मालावर लावून बाजारात बसणारा जो व्यापारी, त्यास ती अधिक शोभते. या प्रथेचा इतिहास थोडक्यात सांगावा, आणि त्या इतिहासात एक पक्षकार कसा हळूहळू विसरला गेला हे वाचकांच्या नजरेस आणावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

या विषयाकडे आमचे लक्ष वेधले ते बोईसरच्या एका घरी. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत तीस वर्षे राबून निवृत्त झाले होते. गुडघ्यांनी त्यांस बेजार केले होते. एके दिवशी मोबाइलवर त्यांनी एका नामवंत खेळाडूस एका तेलाची शिफारस करताना पाहिले. मुद्रा तीच, आवाज तोच. भविष्यनिर्वाह निधीतून राखून ठेवलेल्या रकमेतले काही हजार रुपये त्यांनी पाठवून दिले. बाटल्या आल्या, गुण आला नाही. पैसे गेले याचे त्यांस फारसे वाटत होते असे दिसले नाही. परंतु आम्ही भेटीस गेलो तेव्हा त्या खेळाडूचे जे चित्र त्यांच्या भिंतीवर आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो होतो, ते तेथे नव्हते. खिळा तेवढा राहिला होता. “सर, तो असं करील असं वाटलं नव्हतं,” एवढेच ते म्हणाले. ते चित्र व तो आवाज यंत्राने बनविलेला होता, त्या खेळाडूस याची वार्ताही नसेल, असे मुलाने परोपरीने समजावून सांगितले. तेव्हा क्षणभर थांबून त्यांनी विचारले, “मग खरा कोणता, हे मला कोण सांगणार?”

या प्रश्नाचे उत्तर आम्हांस त्या वेळी देता आले नाही. घरी परतल्यावर मात्र असे वाटू लागले की, आपल्या पूर्वजांपुढे हाच प्रश्न निराळ्या रूपाने उभा होता, आणि त्यांनी त्याचे काही एक उत्तर काढलेलेही होते.

परक्याच्या नावावर व्यवहार करण्याची रीत जाहिरातीपेक्षा फार जुनी आहे. तिचे ठळक उदाहरण म्हणजे नाणे. शिवछत्रपतींनी १६७४ मध्ये राज्याभिषेक करविला आणि आपल्या नावाचे होन व शिवराई पाडली. स्वतःच्या नावाचे नाणे पाडणे म्हणजे त्या नाण्याच्या कसाची जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेणे होय. परंतु पुढे अठराव्या शतकात मराठ्यांच्या टांकसाळींतून जे रुपये बाहेर पडले, त्यांपैकी बहुतेकांवर दिल्लीच्या बादशहाचे नाव होते. ज्या बादशहाचे तख्त मराठी फौजांनी सावरून धरावे, त्याच्याच नावाचा रुपया मराठी मुलखात चालावा, हा चमत्कार खरा. पण लोकांच्या नजरेस तो छाप सरावलेला होता, आणि सरावलेला छाप चटकन पत्करला जातो, हे टांकसाळवाले जाणून होते.

ईस्ट इंडिया कंपनीने तर या रीतीचा कळस केला. बंगालमध्ये तिने शाह आलम बादशहाच्या नावाचे रुपये पाडले आणि त्यांवर त्याच्या कारकिर्दीचे एकोणिसावे वर्ष जणू कायमचे गोठवून टाकले. बादशहा १८०६ मध्ये वारला. कंपनीच्या रुपयावर त्याचे नाव पुढेही चालूच राहिले. अखेर १८३५ मध्ये कंपनीने आपल्या सर्व मुलखासाठी एकच रुपया ठरविला आणि त्यावर इंग्लंडच्या राजाची मुद्रा घातली, तेव्हा कोठे त्या मृत बादशहाची या चाकरीतून सुटका झाली.

या कथेत तारापूरचाही एक धागा आहे. तारापूरचे विकाजी मेहेरजी आणि पेस्तनजी मेहेरजी या पारशी बंधूंनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निजामाच्या राज्यात मोठी पेढी थाटली. वऱ्हाडचा कापूस त्यांनी मुंबईच्या बाजारास आणला, निजामाच्या सरकारास कर्जे दिली, आणि औरंगाबादची टांकसाळ काही काळ त्यांच्या हाती आली. तेथून निघालेल्या रुपयास लोक ‘पेस्तनशाही’ म्हणू लागले. हैदराबाद राज्याच्या नाण्यांवर त्या काळी नाव असे दिल्लीच्या बादशहाचेच. म्हणजे रुपयावर नाव बादशहाचे, मुलूख निजामाचा, आणि लोकांच्या तोंडी नाव तारापूरच्या सावकाराचे! छापावर काही का असेना, या चांदीच्या पाठीशी पत कोणाची आहे हे लोकांनी बरोबर ओळखले होते. पुढे दरबाराशी तंटा होऊन ती पेढी बुडाली. पण तारापूरच्या एका माणसाचे नाव नाण्यास चिकटून इतिहासात राहिले.

आता असा प्रश्न येतो की, इतकी उसनी नावे बाजारात चालत असता सामान्य माणूस पदोपदी फसत कसा नव्हता? याचे उत्तर एका शब्दात सांगता येते : सराफ. बाजाराच्या तोंडाशी सराफ बसलेला असे. रुपयावर बादशहाचे नाव आहे की आणखी कोणाचे, याने त्याचे समाधान होत नसे. तो रुपया वाजवून पाही, तोलून पाही, कसास लावून पाही आणि जितका कस कमी तितका बट्टा कापून घेई. ‘नावास बट्टा लागणे’ हा आपल्या भाषेतील वाक्प्रचार या व्यवहाराचीच आठवण देतो. सराफही साधुपुरुष नव्हता. त्याच्या लबाडीच्या कथा काय थोड्या आहेत? तथापि नाव आणि कस या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि नाव पाहिल्यावरही कस तपासावयाचा असतो, ही गोष्ट त्याच्या दुकानाने साऱ्या बाजारास रोज शिकविली. नावाचा धनी, नाव वापरणारा आणि नावावर विसंबणारा असे तीन पक्ष या व्यवहारात असतात. सराफ त्यांपैकी तिसऱ्याच्या कामी येत असे.

छापील जाहिरात आली आणि सराफ उठला. रंगीत शिळाछापाची कला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्याकडे रुळली. काड्यापेट्या, साबण, अत्तरे, कापडाचे तागे या सर्वांवर चित्रे झळकू लागली. प्रथम देवादिक आले, मग राजेरजवाडे, आणि राष्ट्रीय चळवळीला भर येताच पुढारी. नाण्याप्रमाणे माल वाजवून पाहण्याची येथे सोय नव्हती. पुडी फोडल्यावाचून आतला जिन्नस दिसत नाही, आणि पुडी फोडली म्हणजे पैसे गेले.

या काळातील सर्वांत बोलके उदाहरण महात्मा गांधींचे आहे. १९२१ च्या आरंभी, असहकाराची चळवळ ऐन भरात असता, एका मित्राने गांधीजींकडे एका सिगारेटच्या पाकिटाचे लेबल पाठविले. त्यावर त्यांचे म्हणून एक चित्र होते आणि सिगारेटचे नावच ‘महात्मा गांधी’ असे होते. तंबाखू व मद्य या दोहोंचा ज्यास मनस्वी तिटकारा, त्याच्याच नावाने धूर विकला जावा! १२ जानेवारी १९२१ च्या ‘यंग इंडिया’त गांधीजींनी याविषयी लिहिले. आपल्या नावाचे आजवर जे जे दुरुपयोग झाले त्यांत याच्याइतका मानहानिकारक दुसरा नाही, अशी व्यथा त्यांनी बोलून दाखविली. आपण कोणासही अशी परवानगी दिलेली नाही, हे स्पष्ट केले. परंतु वाचकांनी विशेष लक्ष द्यावे ते पुढील भागाकडे. गांधीजी स्वतः बॅरिस्टर. तरी त्यांनी न्यायालयाचे नाव काढले नाही. त्या अज्ञात कंपनीने ते लेबल मागे घ्यावे, किंवा लोकांनी तसले पाकीट विकत घेण्याचे नाकारावे, म्हणजे आपण आभारी होऊ, असा त्यांच्या लिहिण्याचा आशय होता. नावाच्या धन्याने येथे तिसऱ्या पक्षास, म्हणजे गिऱ्हाइकास, हाक मारली आहे. तूच सराफ हो, असेच जणू त्यांनी त्यास सांगितले.

खादीच्या बाबतीत हाच प्रसंग मोठ्या प्रमाणावर ओढवला. खादीस मान मिळताच गिरण्यांचे जाडेभरडे कापड खादी म्हणून खपू लागले. येथे केवळ पुढाऱ्याची मानहानी नव्हती. सूत कातणाऱ्या बाईच्या तोंडचा घास जात होता, आणि व्रत म्हणून खादी घेणाऱ्याच्या श्रद्धेची चोरी होत होती. अखेर १९३४ मध्ये ‘खद्दर’ व ‘खादी’ या नावांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायदा झाला. हाताने कातलेल्या सुताचे व हातमागावर विणलेले कापड हाच त्या नावाचा अर्थ व्यापारात धरला जावा, असा त्याचा रोख होता. परक्या सरकारच्या अमदानीत झालेला हा कायदा लहानसा असला तरी त्याची दृष्टी आम्हांस मोठी वाटते. कारण नाव कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न त्याने विचारला नाही. नावाखाली वस्तू कोणती, हा विचारला.

गांधीजींचे नाव बाजारात काय भावाने विकले जात होते हे वर सांगितले. त्याच नावाची दुसरी किंमत आमच्या पालघरने पाहिलेली आहे. ‘चले जाव’चा ठराव झाला आणि सहा दिवसांनी, १४ ऑगस्ट १९४२ रोजी, पालघरच्या कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार होऊन पाच जण हुतात्मे झाले. गावोगावच्या त्या माणसांपैकी बहुतेकांनी गांधीजींस कधी जवळून पाहिलेही नसेल. नावावर विश्वास म्हणजे काय, हे ज्यास समजून घ्यावयाचे असेल त्याने दरवर्षी १४ ऑगस्टला पालघरच्या हुतात्मा स्मारकापाशी उभे राहावे. ज्या विश्वासावर माणसे छातीवर गोळी झेलतात, तोच विश्वास काही आण्यांच्या पाकिटासाठी वापरणे हा अपराध केवळ व्यापारी लबाडीचा नव्हे.

संमतीने दिलेल्या नावाची उदाहरणेही याच काळात आढळतात. रवींद्रनाथ ठाकुरांनी गोदरेजच्या स्वदेशी साबणाची शिफारस केली होती. देशी धंद्यास हातभार लावण्याची वृत्ती त्यामागे दिसते. १९४१ मध्ये लीला चिटणीस या मराठी नटीने लक्स साबणाच्या जाहिरातीस आपला चेहरा दिला. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय चित्रपटतारका. तेव्हा नाव देणे हा दोष नव्हे. ज्याने नाव दिले तो निदान जाब देण्यास जागेवर असतो.

पाश्चात्य देशांत हा प्रश्न न्यायालयांत गेला, आणि त्याचा मार्ग पाहण्यासारखा आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात एका पिठाच्या गिरणीने एका तरुण मुलीचे चित्र तिला न विचारता जाहिरातीवर छापले आणि सुमारे २५,००० प्रती वाटल्या. १९०२ मध्ये तेथील वरिष्ठ न्यायालयाने तिला दाद दिली नाही. लोक इतके खवळले की, दुसऱ्याच वर्षी विधिमंडळाने लेखी संमतीवाचून कोणाचेही नाव वा चित्र जाहिरातीस वापरण्याची मनाई केली. १९०५ मध्ये जॉर्जिया राज्याच्या न्यायालयाने एका चित्रकाराचे छायाचित्र विम्याच्या जाहिरातीत छापणाऱ्यांविरुद्ध निकाल दिला. इंग्लंडात टॉली नावाच्या हौशी गोल्फपटूचे चित्र चॉकलेटच्या जाहिरातीत आले. पैसे घेऊन आपण हौशीपणाचे व्रत मोडले असे लोकांस वाटेल, ही त्याची तक्रार १९३१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने मान्य केली. येथवर सारा भर अब्रूवर आहे. परंतु १९५३ मध्ये अमेरिकेत बेसबॉलपटूंच्या चित्रांवरून च्युइंगमच्या दोन कंपन्यांत भांडण झाले, आणि आपल्या प्रसिद्धीची किंमत वसूल करण्याचा माणसास हक्क आहे, असे तत्त्व न्यायालयाने प्रतिपादिले. अब्रूची गोष्ट मालमत्तेची झाली. जे अपमान म्हणून निंद्य होते ते आता बुडालेले भाडे म्हणून निंद्य ठरू लागले.

आपल्या देशात स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये बोधचिन्हे व नावे यांच्या अनुचित वापरास प्रतिबंध करणारा कायदा झाला. त्याच्या यादीत शिवछत्रपती, महात्मा गांधी, पंडित नेहरू, इंदिरा गांधी, तसेच देशाचे पंतप्रधान यांची नावे व चित्रे आहेत. मालाची जाहिरात न करणाऱ्या दिनदर्शिकांवरील चित्रांस तेवढी सवलत आहे. घराच्या भिंतीस कायद्याने अशी वाट ठेवली हे योग्यच झाले. परंतु मूळ कायद्यातील शिक्षा पाहावी तर दंड, आणि तोही ५०० रुपयांपर्यंत! २०१६ मध्ये रिलायन्स जिओ व पेटीएम यांच्या पानभर जाहिरातींत पंतप्रधानांचे छायाचित्र झळकले, संसदेत प्रश्न आले, अशी परवानगी दिली नव्हती असे सरकारने सांगितले, आणि कंपन्यांनी दिलगिरी व्यक्त केल्यावर प्रकरण मिटले. त्या जाहिरातींच्या खर्चापुढे ५०० रुपयांची मातब्बरी ती काय?

यादीबाहेरच्या नावांचे रक्षण कोण करणार? पुण्याच्या एका कंपनीची ‘संभाजी बिडी’ महाराष्ट्रात अनेक दशके खपली. ज्या छत्रपतीने अनन्वित हाल सोसून प्राण दिले त्याचे नाव विझलेल्या थोटकाबरोबर पायदळी पडावे, याचा सल अनेकांस होता. २०२० मध्ये आंदोलनाने जोर धरला, कंपनीने नाव बदलण्याचे मान्य केले, आणि पुढे ती ‘साबळे बिडी’ झाली. व्यापारचिन्हांच्या १९९९ च्या कायद्याप्रमाणे हयात व्यक्तीची, किंवा मृत्यूला वीस वर्षे झाली नसतील तर तिच्या वारसांची, संमती निबंधक मागू शकतो. तीन शतकांपूर्वीच्या पुरुषाची संमती कोण देणार? तेथे निकाल लोकांनीच दिला. गांधीजींनी १९२१ मध्ये ज्या दरबारी अर्ज केला होता, तोच दरबार शंभर वर्षांनी येथे भरला.

हयात लोकप्रिय व्यक्तींनी मात्र न्यायालयाचा मार्ग धरला आहे. जाहिरातीसाठी माणसाचे नाव वा प्रतिमा संमतीविना वापरणे हे त्याच्या खासगीपणाचे उल्लंघन होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्येच म्हटले होते. २०१५ मध्ये रजनीकांत यांनी आपल्या नावाचा वापर करणाऱ्या एका चित्रपटाविरुद्ध मद्रास उच्च न्यायालयातून मनाई मिळविली. या नटाचे मूळ नाव शिवाजीराव गायकवाड. बंगळूरच्या मराठी घरातला हा मुलगा. सचिन तेंडुलकर यांचे नाव, छायाचित्र व आवाज वापरून औषधी म्हणविणारा माल विकला जात असल्याची तक्रार मे २०२३ मध्ये मुंबई पोलिसांत नोंदविली गेली. जानेवारी २०२४ मध्ये त्यांची बनावट चित्रफीत एका खेळाच्या ॲपची भलामण करीत फिरू लागली, तेव्हा ती खोटी असल्याचे त्यांना स्वतः जाहीर करावे लागले. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आशा भोसले यांच्या आवाजाची यंत्राने केलेली नक्कल रोखणारा अंतरिम आदेश दिला. ज्या आवाजामागे जन्मभराची तालीम आहे, तो कोणासही घटकेत उतरवून घेता यावा, इथवर आपण येऊन पोचलो आहो.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की, थोरांचे नाव ही लोकांचीच ठेव. ती उच्चारण्यास पदोपदी परवानगी कशाची? आक्षेप अगदीच पोकळ नाही. बंगळूरच्या त्या मराठी घराने छत्रपतींचे नाव मुलास ठेवले ते कोणास विचारून? प्राध्यापक रमेश तेंडुलकरांनी संगीतकार सचिन देव बर्मन यांच्या नावावरून मुलाचे नाव सचिन ठेविले, तेही परवानगी काढून नव्हे. चरित्रकार, टीकाकार, व्यंगचित्रकार यांनी परवान्यासाठी दारात उभे राहावयाचे म्हटले तर वाङ्मयच संपेल. खेळाडूंची नावे व त्यांच्या खेळाचे आकडे ही सर्वांपुढे असलेली माहिती होय, तिच्यावर मक्ता सांगता येत नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटले ते आम्हांस मान्य आहे. परंतु प्रेमाने घेतलेले नाव आणि धंद्यास जुंपलेले नाव यांत भेद आहे. आईबाप नाव ठेवतात तेव्हा त्या नावात भर पडावी अशी आशा असते. न विचारता नाव विकणारा दुसऱ्याच्या साठ्यातून खर्च करीत असतो, आणि हिशेब कोणालाच देत नाही.

एवढा इतिहास पाहिल्यावर आमचे म्हणणे असे की, नावाच्या धन्यासाठी कायद्याने आता बऱ्यापैकी घर बांधले आहे. नावावर विसंबणारा मात्र अद्याप ओसरीवरच आहे. ग्राहक संरक्षणाच्या २०१९ च्या कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल उत्पादकास व शिफारस करणाऱ्यास १० लाख रुपयांपर्यंत दंड ठेविला आहे. पण ज्याने शिफारस केलीच नाही त्यास दंड कसला, आणि ज्याने ती रचली त्याचा ठिकाणा कोणता? फसलेल्याने १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळविल्यास पैसे अडविण्याची खटपट होऊ शकते, हे प्रत्येक घरात ठाऊक असावे. तथापि हे सारे पैसे गेल्यानंतरचे उपाय झाले. सराफ व्यवहाराच्या आधी बसत असे.

आजचा सराफ कोणी व्हावे? आमच्या मते, ज्याने जाहिरातीचे भाडे घेतले त्यानेच. वर्तमानपत्र असो, दूरचित्रवाणी असो वा मोबाइलवरील मोठमोठ्या कंपन्या असोत. प्रत्येक चित्रामागे त्यांस पैसा मिळतो, म्हणजे सराफाचा बट्टा त्यांनी आधीच कापून घेतलेला असतो. बट्टा घ्यावा आणि कसोटी लावू नये, हा कोठला न्याय? नामवंताचे नाव असलेली जाहिरात दाखविण्यापूर्वी त्याची संमती पाहणे आणि माल कोणाचा आहे हे ठळक सांगणे, एवढे त्यांच्याकडून सक्तीने करून घेतले पाहिजे. नाहीतर प्रत्येक म्हाताऱ्याने, प्रत्येक अडाण्याने, प्रत्येक आजाऱ्याने घरबसल्या स्वतःच सराफ व्हावे असे आपण म्हणत आहो. आणि तो चुकला की वर त्यालाच हसतो.

हे हसणे आम्हांस सर्वांत अन्यायाचे वाटते. बोईसरचे ते गृहस्थ लोभाने फसले नाहीत. एका माणसाने चोवीस वर्षे मैदानावर जी पत मिळविली, तिच्यावर त्यांनी विश्वास टाकला. हा गुण आहे, दोष नव्हे. पत मिळविणारा आणि ती मानणारा या दोघांचीही एकाच वेळी चोरी झाली. परंतु पहिल्याचे नाव घेऊन वकील उभे राहतात, दुसऱ्याचे नाव कोणासच ठाऊक नसते.

मागील महिन्यात आम्ही पुन्हा त्यांच्याकडे गेलो होतो. त्या खेळाडूचा यात काही दोष नव्हता, ही गोष्ट आता त्यांस पटलेली आहे. चित्र कपाटामागे जपून ठेवले आहे, असे त्यांच्या पत्नीने सांगितले. खिळा अजून रिकामाच आहे, आणि ते चित्र पुन्हा लावा असे म्हणण्याचा धीर आम्हांस झाला नाही.